फुस्तातचे कापड आणि गुजरातचा कारागीर

मध्ययुगीन गुजरातच्या इतिहासात सुलतान व लढाया यांची माहिती विपुल आहे. विणकर आणि रंगारी यांचा उल्लेख मात्र क्वचित येतो. ही उणीव काही अंशी भरून काढणारे साधन ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. इजिप्तविद्येचे अभ्यासक पर्सी न्यूबेरी यांच्या संग्रहातील, ठसेछपाईच्या सुती कापडाचे सुमारे १,२०० तुकडे १९४६ साली तेथे दाखल झाले. जुन्या कैरोतील फुस्तात परिसराशी त्यांचा संबंध जोडला जातो.

इजिप्तमध्ये मिळालेले कापड भारतीय कशावरून? पहिला पुरावा धाग्याचा. इजिप्तच्या जुन्या कताईत पीळ प्रायः इंग्रजी 'एस' अक्षराच्या मधल्या रेषेप्रमाणे असे. भारतीय सुताचा पीळ 'झेड'प्रमाणे. दुसरा पुरावा नक्षीचा. काही तुकड्यांवरील हंसांच्या ओळी पश्चिम भारतातील जैन पोथ्यांत रंगविलेल्या वस्त्रांवरही दिसतात. फ्रेंच संशोधक फिस्टर यांनी १९३८ मध्येच अशा कापडाचे नाते गुजरातशी जोडले होते. रूथ बार्न्स यांनी १९९७ मध्ये न्यूबेरी संग्रहाची तपशीलवार सूची प्रसिद्ध केली. कार्बन चाचणीनुसार काही तुकडे दहाव्या-अकराव्या शतकाइतके जुने आहेत.

सुरतेचा उत्कर्ष पुढचा. त्या काळी खंबायत हे गुजरातचे प्रमुख बंदर होते. तेथील माल अरबी समुद्र व लाल समुद्रमार्गे इजिप्तला जाई. आपल्याकडील पावसाळी हवेत नष्ट झालेले कापड तिथल्या कोरड्या मातीत टिकले.

हंसाच्या नक्षीबरोबरच याच संग्रहात अरबी वळणाचे अक्षरपट्टेही आढळतात. कापड कोणी विणले, कोणी छापले, त्यांचा धर्म कोणता, हे त्यावर लिहिलेले नाही. मध्ययुगाची 'हिंदू' आणि 'मुस्लिम' अशी सरळ वाटणी करणाऱ्या इतिहासलेखनाला हा मूक पुरावा पुरेसे उत्तर देतो.

सुरतेजवळच्या कडोदऱ्यासारख्या कापड-उद्योगाच्या गावात शिकविणाऱ्या प्राध्यापकांना हा विषय दूरचा वाटू नये. हातमागाच्या कापडातील एक धागा काढून तो विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, भिंगातून त्याचा पीळ पाहावयास सांगावा. ज्यांच्या घरची माणसे आज मागावर उभी राहतात, त्यांना आपल्या कष्टालाही इतिहास आहे, हे त्या धाग्यातून उमगेल.