कीर्तिमुख : चाकरीच्या दारावरचा राक्षस

एखाद्या संस्थेचे रूप म्हणून मिरविणाऱ्या चित्रमूर्तीला मराठीत ‘शुभंकर’ म्हणतात. शुभ करणारा तो शुभंकर. बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली जन्माला घातलेला एअर इंडियाचा महाराजा किंवा १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांचा ‘अप्पू’ हत्ती या व्याख्येत नेमके बसतात. परंतु त्याच ऐंशीच्या दशकात ओनिडा दूरचित्रवाणी संचाच्या जाहिरातीतून शिंगे आणि शेपूट असलेला सैतान घरोघर पोहोचला. गोपी कुकडे यांच्या कल्पनेतून उतरलेल्या त्या सैतानाने शेजाऱ्याच्या मत्सरावर माल खपवून दाखविला. आता तर विदेशी मालिकांत कचेरीचा शुभंकरच नोकरवर्गाला भिवविणारा राक्षस होऊन बसतो आणि प्रेक्षक त्याला भीत भीत हसतात. ही कल्पना नवी आणि परकी वाटते खरी. वस्तुतः ती आपल्या दख्खनच्या दारांवर शेकडो वर्षे कोरलेली आहे.

तिचे मूळ स्कंदपुराणात व शिवपुराणात सापडते. उन्मत्त झालेल्या जालंधराने राहूला दूत म्हणून कैलासावर पाठविले आणि शंकरांनी पार्वती आपल्या स्वाधीन करावी असा निरोप दिला. तो ऐकताच शंकरांच्या भ्रूमध्यातून सिंहमुखी, लवलवत्या जिभेचा एक विक्राळ पुरुष प्रकट झाला आणि राहूला खावयास धावला. राहू शरण आला. दूताला मारू नये या न्यायाने शंकरांनी त्याला सोडून दिले. तेव्हा त्या पुरुषाने हात जोडून विचारले, मी भुकेला आहे, आता काय खाऊ? आज्ञा झाली, स्वतःचेच हातपाय खा. त्याने निमूटपणे हात खाल्ले, पाय खाल्ले, धडही खाल्ले. केवळ मुख उरले. प्रसन्न होऊन शंकरांनी त्याला ‘कीर्तिमुख’ हे नाव दिले, आपल्या दाराशी नेमले आणि त्याचे पूजन केल्यावाचून आपली कृपा होणार नाही असा वर दिला.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ जाणकार सांगतात : अहंकार स्वतःला गिळून संपतो तेव्हाच गाभाऱ्यात प्रवेश मिळतो. तो अर्थ मान्यच आहे. परंतु ज्याची हयात सरकारी चाकरीत गेली त्याला तीत आणखी काही दिसल्यावाचून राहत नाही. कथेतील दोघेही हुकुमाचे ताबेदार आहेत. राहू धन्याचा निरोप घेऊन येतो. कीर्तिमुख धन्याच्या रागातून जन्मतो. धन्याचा राग शमतो, पण नोकराची भूक उरते आणि ती त्याने स्वतःवरच भागवायची असते. राहू हा मुळातच शिराचा धनी. त्याला खावयास निघालेल्याचेही अखेर शिरच उरते. बक्षीस म्हणून मिळते ते नाव, आणि दाराबाहेरची जागा. पुराणकारांनी याला विनोद म्हटले नाही. पण काळा विनोद म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

देवळाच्या उंबरठ्यावरचा हा राक्षस भाविकाला नम्र करतो. गडाच्या दरवाजावरच्या राक्षसांचे काम वेगळे होते. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या प्रवेशद्वारांवर पंजांत व शेपटीत हत्ती पकडलेला शरभ आहे. विदर्भातील गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हत्तींना पकडणारा दुतोंडी गंडभेरुंड आहे. १४९० साली स्वतंत्र झालेल्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी ब्राह्मण; त्या स्मृतीशी हे चिन्ह जोडले जाते. आपल्या गोवळकोंड्याच्या बाला हिसार दरवाजावरही चुन्यातील सिंह व काल्पनिक श्वापदे आहेत. हे केवळ जुन्या काळाचे खूळ नव्हे. कर्नाटक शासनाच्या राजमुद्रेवर मध्यभागी गंडभेरुंड आहे आणि दोन्ही बाजूंस गजसिंह उभे आहेत. शेजारच्या राज्यातील कारकुनाच्या हातून असे राक्षस टपालातून रोज बाहेर पडत असतात.

अशा राक्षसाची चाकरी करणाऱ्याचे काय होते, याचे उत्तर विजापूरच्या मुलूख-ए-मैदान तोफेपाशी मिळते. ती १५४९ साली अहमदनगरला महंमद बिन हसन रूमी याने ओतली. वजन सुमारे ५५ टन. तोंड म्हणजे जबडा वासलेले श्वापद आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ साली ती विजापूरला नेली मुरार जगदेवाने. १६३० च्या सुमारास शहाजीराजांचे पुणे उद्ध्वस्त करणारा म्हणून मराठी वाचकाला ठाऊक असलेला तोच हा आदिलशाही सरदार. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे त्या कामी लागली असे सांगतात. धन्यासाठी इतके ओझे ओढणाऱ्याच्या वाट्याला काय आले? अवघ्या तीन वर्षांत, १६३५ साली, दरबारातील सत्तास्पर्धेत खवासखानापाठोपाठ मुरारपंताचाही वध झाला. तोफेच्या जबड्यातला हत्ती शत्रूचा, असे तो समजत असावा.

राक्षसाचीही गत पुढे फारशी बरी झाली नाही. १६८६ साली विजापूर औरंगजेबाच्या हाती गेले आणि तोफेवर त्याचा विजयलेख कोरला गेला. १८५४ साली इंग्रजी अमलात तिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली लागली १५० रुपयांची. सुदैवाने ती विक्री रद्द झाली. धाक ज्याच्यावर चालतो ते राज्य गेले की राक्षस भंगाराच्या भावाने विकला जातो.

आपल्या पूर्वजांपैकी अनेक जण या शहरात आले ते चाकरीसाठीच. दफ्तर-ए-दिवाणी सांभाळणाऱ्या राय रायान घराण्यापासून साध्या मोडीनविसापर्यंत सर्वांनी आसफजाही दौलतीचे हिशेब लिहिले. त्या दौलतीच्या झेंड्यावर मात्र राक्षस नव्हता. पिवळ्या कापडावर पांढरा वाटोळा कुलचा होता. एका सूफी सत्पुरुषाने पहिल्या निजामाला कुलचे खाऊ घातले, त्याने सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य टिकेल असा आशीर्वाद मिळाला, अशी आख्यायिका आहे. १७२४ पासून १९४८ पर्यंत सात निजाम झाले, हे खरेच. झेंड्यावर भाकरी असली म्हणून चाकराला स्वतःला खावे लागले नाही, असे मात्र समजू नये. दरबारच्या फारसीत व उर्दूत हयात घालविलेल्या किती घरांतून मोडीचे वाचन दोन-तीन पिढ्यांत लोपले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी मांडावा. हातपाय नव्हेत, पण जीभ खाल्ली गेली.

म्हणूनच कीर्तिमुखाकडे पाहताना त्याच्या दातांची भीती धरू नये आणि त्याच्या आज्ञापालनाचे आंधळे कौतुकही करू नये. पुराणकाराने त्याला दारावर बसविले ते आत जाणाऱ्यांना दिसावे म्हणून. ज्या कचेरीत, ज्या संस्थेत आपली मुले-नातवंडे आज पाऊल टाकीत आहेत, तिच्या दारावरचे चित्र हसरे असो वा उग्र, त्यांनी एवढेच विचारून घ्यावे : येथे काय खाल्ले जाते, आणि काय शिल्लक ठेवू दिले जाते?