‘मुलींनी अर्ज करू नये’ : संगणकाच्या कामातल्या बायकांची गोष्ट



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली, हप्ते गोळा झाले, वही मिटली, तरी कुणी उठेना. विषय होता आमच्यातल्या एका ताईच्या लेकीचा. पोरीनं बी.एस्सी. आयटी केलं. तिच्या लॅपटॉपसाठी गटानंच कर्ज दिलं होतं. ती अंधेरीला सॉफ्टवेअरच्या नोकरीची मुलाखत देऊन आली. कामाचे प्रश्न दोन-तीनच. बाकीचे असे : लग्न कधी करणार? विरारहून रोज कशी येणार? उशीर झाला तर घरचे चालवून घेतील का? टीममध्ये सगळे मुलगेच आहेत, जमेल ना? शेवटी ‘कळवतो’ म्हणाले, पण काही कळवलं नाही. घरी तिचा काका म्हणाला, “अगं, ते काम मुळात पुरुषांचंच.”

ताईचे कर्जाचे पाच हप्ते अजून बाकी आहेत. पण त्याहून काकांचं ते ‘मुळात’ आम्हाला टोचलं. मुळात म्हणजे कधीपासून? या वेळच्या भाषणासाठी आम्ही तेच शोधायला बसलो.

आधी सॉफ्टवेअर म्हणजे काय ते बघू. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला ते लवकर समजेल. आधी बचत, मग कर्जाचा हप्ता, मग व्याज, उशीर झाला असेल तर दंड. एक पायरी चुकली की शेवटची बेरीज चुकते. संगणकाला अशाच पायऱ्या क्रमाने लिहून द्याव्या लागतात. त्या लिहिणं म्हणजे प्रोग्रॅमिंग. त्याला डोकं लागतं, चिकाटी लागते. मिशा लागत नाहीत.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९४६ साली एनियाक नावाचा संगणक जगाला दाखवला गेला. खोली भरून टाकणारं यंत्र, सुमारे ३० टन वजनाचं. त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या, म्हणजे त्याचे प्रोग्रॅम बसवणाऱ्या सहाच्या सहा बायका होत्या : कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. तेव्हा समज असा, की यंत्र बांधणं हे मोठं काम, ते पुरुषांचं. त्याला सूचना देणं म्हणजे कारकुनी, ती बायकांनी करावी. समारंभात यंत्रानं जे गणित सोडवून दाखवलं त्याची तयारी या बायकांनीच केली होती. टाळ्या यंत्राला आणि ते बांधणाऱ्यांना मिळाल्या. रात्रीच्या मेजवानीला या सहा जणींना बोलावणंसुद्धा नव्हतं.

पुढे कळलं, की खरं अवघड काम सूचना लिहिण्याचंच आहे. मग त्याला मान आला, पगार आला आणि पुरुषही आले. अमेरिकेत १९८४च्या सुमारास संगणकाची पदवी घेणाऱ्या शंभरांत ३७ मुली असत. पुढे तो आकडा विसाच्याही खाली गेला. आपल्याकडे शेतात काय होतं? लावणी, खुरपणी बाईची. ट्रॅक्टर आला की त्यावर बसायला गडी.

आता आपल्या देशात येऊ. १९३३ साली कमला भागवत नावाची मराठी मुलगी मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेली. लेखिका दुर्गा भागवतांची ही धाकटी बहीण. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाताई हटल्या नाहीत, दारातच ठाण मांडायची त्यांची तयारी होती. शेवटी अटी घालून घेतलं : पहिलं वर्ष परीक्षेचं, आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष मुलांचं, अट मुलीवर! वर्षभरात त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. याच त्या डॉ. कमला सोहोनी. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

त्याच संस्थेत ४१ वर्षांनी, १९७४ साली, सुधा कुलकर्णी नावाची मुलगी शिकत होती. हिनं हुबळीला इंजिनिअरिंग केलं होतं, तेव्हा तिथे मुलींसाठी शौचालयसुद्धा नव्हतं. एक दिवस संस्थेच्या फलकावर तिला पुण्याच्या टेल्को कारखान्याची जाहिरात दिसली. हुशार, मेहनती तरुण इंजिनिअर हवेत. खाली शेवटच्या ओळीत लिहिलेलं : महिला उमेदवारांनी अर्ज करू नये.

तिला खरं तर नोकरी नकोच होती. पुढे शिकायला परदेशी जायचं मनात होतं. पण ती ओळ तिला झोंबली. तिनं साधं पोस्टकार्ड घेतलं आणि थेट जे. आर. डी. टाटांना लिहिलं, की देशात इतक्या गोष्टींची सुरुवात करणाऱ्या टाटांच्या कंपनीत हा भेदभाव कसा? थोड्याच दिवसांत तार आली : मुलाखतीला पुण्याला या, खर्च कंपनीचा. होस्टेलच्या मैत्रिणींना वाटलं, फुकटात पुणं होतंय, आमच्यासाठी साड्या घेऊन ये. त्यांनी तीस-तीस रुपये तिच्या हातावर ठेवले. आम्हाला ही तीस रुपयांची गोष्ट फार आवडली, कारण नोकरी मिळेल असं त्या मुलींपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

मुलाखतीत कामाचेच प्रश्न झाले. मग एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी शांतपणे समजावलं, की आम्ही कारखान्यात बाईला कधी घेतलेलं नाही, तुझ्यासारख्या हुशार मुलीनं प्रयोगशाळेत जावं. तिनं उत्तर दिलं, की कुठेतरी सुरुवात करावीच लागेल, नाहीतर तुमच्या कारखान्यात बाई कधीच येणार नाही. नोकरी मिळाली. टेल्कोच्या कारखान्यात घेतलेली ती पहिली महिला इंजिनिअर. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो.

गोष्ट इथे संपवली तर गोड वाटते. पण पुढे बघा. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस ही सॉफ्टवेअर कंपनी सुरू झाली, ती सुधाताईंनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. संस्थापक सात, सातही पुरुष. सुधाताई स्वतः संगणकाच्या इंजिनिअर. पण नवरा-बायको दोघांनी एका कंपनीत नको, असं पती नारायण मूर्तींनी ठरवलं. आत कोण आणि बाहेर कोण, ते वेगळं सांगायला नको. आपलं ते चुकलं, हे अलीकडे मूर्तींनीच जाहीरपणे कबूल केलं. भांडवल बाईचं आणि पाटीवर नाव दुसऱ्याचं, हे आपल्या गटाच्या कर्जांतही आपण पाहिलंय. म्हणून आम्ही सुधाताईंना दोष देत नाही. आम्हाला ते फार ओळखीचं वाटतं.

जाहिरातीतली ती ओळ गेली, तरी वाट सोपी झाली असं नाही. आपल्या वसई-विरारच्या बाईला कामावर जायचं तर आधी गाडीत चढता आलं पाहिजे. आपल्या फुलवाल्या, भाजीवाल्या, मासेवाल्या बायांनी टोपल्या घेऊन ती लढाई कितीतरी आधी केली. ५ मे १९९२ला चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सुरू झाली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आली. १९९४ साली वसई रोडला विद्यावर्धिनीचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. घराजवळ कॉलेज आणि अंधेरीपर्यंत गाडी, एवढ्यानं किती मुलींचं आयुष्य बदललं ते आपल्या गल्लीत मोजता येईल. आज देशातल्या आयटीच्या नोकऱ्यांत साधारण एक तृतीयांश बायका आहेत. वरच्या खुर्च्यांकडे जावं तशा त्या कमी होत जातात.

कायदेही बदलले. पूर्वी दुकानं-आस्थापनांच्या कायद्यानं बाईला रात्री काम करायला मनाई होती. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानं बाईची संमती असेल, आणि सुरक्षेची व घरी पोचवण्याची सोय असेल, तर रात्रीच्या कामाला परवानगी दिली. त्याच वर्षी बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं.

ऑफिसात लैंगिक छळाची तक्रार घेणारी समिती असते, तिचं मूळ तर एका खेड्यात आहे. राजस्थानच्या भटेरी गावची भंवरी देवी सरकारी योजनेत गावपातळीवर काम करायची. १९९२ साली तिनं बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टात आरोपी बलात्काराच्या आरोपातून सुटले. पण त्यातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ साली कायदा झाला. काचेच्या इमारतीत बसणाऱ्या मुलीला संरक्षण मिळालं ते गावातल्या एका बाईमुळे.

टीममध्ये बाई नसली तर बिघडतं काय? ॲमेझॉन कंपनीनं नोकरीचे अर्ज निवडणारा प्रोग्रॅम बनवला. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज त्याला शिकायला दिले. ते बहुतेक पुरुषांचे होते. त्यानं धडा असा घेतला, की अर्जात ‘महिला’ हा शब्द आला की गुण कापायचे. कंपनीनं तो सोडून दिला. २०१८ साली ही बातमी जगभर छापून आली. ‘महिला बचत गटाची सचिव’ असं लिहिलेल्या अर्जाचं त्यानं काय केलं असतं, विचार करा.

आता आमच्या पोरीचं. गटानं ताईला हप्त्यांसाठी तीन महिन्यांची सवलत दिली. या सोमवारी तिची अंधेरीला दुसरीकडे मुलाखत आहे. लग्नाचं विचारलं तर ‘हाच प्रश्न मुलांनाही विचारता का?’ असं विचारायचं, हे तिनं आमच्यासमोर चारदा म्हणून पाहिलं. पहिल्या दोन वेळा आवाज कापला. रात्री घरी सोडायची गाडी, पाळणाघर आणि तक्रार समिती, हे तीन प्रश्न तिनं वहीत लिहून घेतलेत. सकाळची महिला स्पेशल पकडायची आहे, आमच्यातल्या दोघी सोबत जाणार आहोत. स्टेशनपर्यंत मी सोडतो, असं काका म्हणालेत.