खेकड्याच्या कवचाचा हिशोब

खडूवर लिंबू पिळलं की बुडबुडे येतात, हे शाळेत सगळ्यांनीच पाहिलंय. खेकड्याच्या कवचातही कॅल्शियम कार्बोनेट असतं. मग समुद्राची आम्लता वाढली की खेकडे विरघळणार, हे ओघानं आलंच! पण मंडळी, गोष्ट इतकी सरळ नाही.

सुरुवात करू बिअरपासून. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सननं आम्लता मोजायला पीएचची पट्टी काढली. ही पट्टी लॉगॅरिदमिक आहे, त्यामुळे आकडे फसवे वाटतात. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.२ वरून ८.१ वर आला. एवढंच? पण ०.१ नं उतरणं म्हणजे हायड्रोजन आयन सुमारे २६ टक्क्यांनी वाढणं. (पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे, फक्त कल आम्लाकडे चाललाय.)

हे होतं कार्बन डायऑक्साइडमुळे. १९५७ साली रेव्हेल आणि स्यूस यांनी दाखवलं की आपण सोडलेला सगळा वायू समुद्र चटकन गिळून टाकेल, या भरवशावर राहता येणार नाही. पुढच्याच वर्षी कीलिंगनं हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू केली. तेव्हा हवेत दहा लाखांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज तो ४२० च्या पुढे आहे. तरीही 'ओशन ॲसिडिफिकेशन' हे नाव खऱ्या अर्थानं चर्चेत आलं ते २००३ मध्ये, काल्डेरा आणि विकेट यांच्या 'नेचर'मधल्या लेखानंतर.

मग प्रयोगांची रांगच लागली. २००९ साली जस्टिन रीस आणि सहकाऱ्यांनी १८ प्रकारचे कवचधारी जीव जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ६० दिवस ठेवले. बऱ्याच जीवांची कवचं बनण्याचा वेग मंदावला. ब्लू क्रॅब नावाच्या खेकड्याचं कवच मात्र उलट जास्त भरलं! झालं, खेकडा सुटला असं कुणालाही वाटावं.

इथेच खरी मेख आहे. खेकडा सुटला तो फुकट नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की त्याच्या रक्तातही वाढतो आणि रक्ताची आम्लता वाढू लागते. ती सावरायला कल्ल्यांमधले आयनांचे पंप जोरात चालवावे लागतात. कात टाकल्यावर नवं कवच घट्ट करताना हायड्रोजन आयन सुटतात, तेही बाहेर फेकायचे. आणि बाहेरच्या पाण्यात ते आधीच वाढलेले! या सगळ्याला ऊर्जा लागते. आमच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीनवर सगळं ठीक दिसतंय, पण मागे एक प्रोसेस सगळा सीपीयू खातेय.

याचा पुरावा २०१३ मध्ये अलास्कातल्या अभ्यासातून आला. तिथल्या मासेमारीतला मोलाचा रेड किंग क्रॅब. त्याची पिल्लं ७.५ पीएचच्या पाण्यात ठेवली, तर ९५ दिवसांत सगळीच्या सगळी मेली. या खेकड्याच्या कवचातल्या कॅल्शियमवर मात्र आम्लतेचा परिणाम दिसला नाही. खालावली होती ती अंगातली ताकद. टॅनर क्रॅबमध्ये नेमकं उलट: कॅल्शियम घटलं, अंगकाठी टिकली. दोघांचीही वाढ मंदावली. ७.५ हा आकडा टोकाचा आहे हे खरं, पण दोन भाऊबंदांनी तेच बिल दोन वेगळ्या खिशांतून भरलं, हे विसरता येत नाही.

आणि २०२० साली खडू-लिंबूवालेही थोडे बरोबर निघाले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ २०१६ च्या सफरीत गोळा केलेल्या डंजनेस खेकड्याच्या इवल्या पिल्लांच्या कवचावर विरघळल्याच्या खुणा सापडल्या. ज्या सूक्ष्म केसांनी ती भोवतालचा अंदाज घेतात, त्यांचंही नुकसान झालेलं होतं. हे प्रयोगशाळेतलं नव्हे, उघड्या समुद्रातलं.

थोडक्यात काय, कवच शाबूत आहे म्हणजे खेकडा शाबूत आहे, असं नाही. जाळ्यात आलेला खेकडा धडधाकट दिसेलही; पण तो तसा राहायला किती खर्च करतोय आणि किती पिल्लं त्या वयापर्यंत पोचलीच नाहीत, हे जाळं सांगत नाही.