अभिवादन आणि छुपे भिंग

छायाचित्रणाच्या प्रारंभकाळी रस्ता चित्रात आला, रस्त्यावरची माणसे मात्र आली नाहीत. दागेर यांनी १८३८ साली पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, तेव्हा प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत. चालणारी माणसे आणि गाड्या त्या चित्रातून पुसल्या गेल्या. बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा उरला. १८७१ साली मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली आणि पुढील दशकात क्षणाचे चित्र घेणे शक्य झाले. तिवईची गरज संपली. कॅमेरा हातात आला आणि लवकरच कपड्यांआडही दडला.

अशाच एका कॅमेऱ्याने नॉर्वेच्या राजधानीतील एका रस्त्याचा इतिहास जपला. आजचे ऑस्लो तेव्हा क्रिस्तियानिया या नावाने ओळखले जाई. लोकवस्ती दीड-दोन लाखांच्या घरात. लंडन-पॅरिसच्या तुलनेत हे लहानसेच शहर. रेल्वे स्थानकापासून राजवाड्यापर्यंत जाणारा कार्ल योहान हा त्याचा मुख्य रस्ता. संसदगृह, विद्यापीठ, ग्रँड हॉटेल, सारे त्याच्याच काठी. प्रतिष्ठित मंडळी तेथे फिरावयास येत. एकमेकांना पाहणे, ओळख देणे, हॅट उंचावणे हा त्या फिरण्याचाच भाग होता.

१८९३ च्या सुमारास कार्ल स्टॉर्मर हा गणिताचा तरुण विद्यार्थी या गर्दीत मिसळू लागला. स्टिर्न बंधूंनी १८८६ पासून विकावयास आणलेला चपट्या डब्यासारखा कॅमेरा त्याच्या जाकिटाखाली असे. भिंग काजातून बाहेर डोकावे आणि कळीची दोरी खिशातून ओढता येई. गोल काचेवर सहा वर्तुळाकार चित्रे उमटत. ती संपली की काच बदलण्यासाठी घरी परतावे लागे. ज्या तरुणीशी ओळखही नव्हती, तिचे एखादे चित्र आपल्यापाशी असावे, या ओढीतून हा छंद जडल्याचे स्टॉर्मर यांनी पुढे सांगितले. १८९७ पर्यंत अशी सुमारे पाचशे चित्रे जमली.

त्यांची रीत मोठी बोलकी आहे. समोरून कोणी येताना दिसले की ते अभिवादन करीत. समोरची व्यक्ती स्मित करून प्रत्युत्तर देई आणि त्याच क्षणी दोरी ओढली जाई. लंडनमध्ये पॉल मार्टिन त्याच दशकात पुडक्यासारख्या दिसणाऱ्या कॅमेऱ्याने रस्त्यावरील माणसे टिपत होते. परंतु महानगरातील छायाचित्रकाराला आडोसा असतो तो अनोळखीपणाचा. क्रिस्तियानियात नेमका परिचयच आडोसा ठरला. म्हणूनच या चित्रांत इतर ठिकाणी न आढळणारी एक गोष्ट दिसते: वर उचललेली हॅट, किंचित झुकलेली मान, चेहऱ्यावर उमलू लागलेले हसू. ते कॅमेऱ्यासाठी नव्हते. एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेला तो प्रतिसाद होता.

या नोंदीचे मोल जाणण्यास एक तुलना पुरेशी आहे. चित्रकार एडवर्ड मुंक यांनी १८९२ साली याच रस्त्यावरील सायंकाळ रंगविली. तीत फिकट, मुखवट्यांसारखे चेहरे प्रेक्षकावर चालून येतात. स्टॉर्मर यांच्या काचांवरील शहर मात्र हसतमुख आहे. ज्यांच्या नाट्यतंत्राचा प्रभाव मराठी रंगभूमीवरही पडला ते वृद्ध इब्सेनही या भिंगासमोरून गेले. मुंक यांनी रस्त्यावरचे एकाकीपण पाहिले, स्टॉर्मर यांनी त्याचा शिष्टाचार टिपला. तथापि यालाही संपूर्ण शहर म्हणता येणार नाही. शहराच्या पूर्वभागात नदीकाठी कारखाने होते. १८८९ साली काडेपेटीच्या कारखान्यांतील कामगार स्त्रियांनी संप केला होता. प्रतिष्ठितांच्या फिरण्याच्या वेळी या रस्त्यावर उभे राहून त्या जगाची ओळख होणे कठीणच होते.

प्रश्न उरतो तो विश्वासाचा. १८९० साली अमेरिकेतील वॉरन आणि ब्रँडाइस या विधिज्ञांनी खाजगी आयुष्याच्या हक्काची मांडणी केली, तेव्हा क्षणचित्रांमुळे उद्भवलेला धोका त्यांच्या डोळ्यांसमोर होता. स्टॉर्मर यांनी ही चित्रे कोणाची नाचक्की करण्यासाठी वापरली नाहीत, हे खरे. परंतु ज्याला प्रतिनमस्कार केला तोच आपले चित्र घेत आहे, हे समोरच्यास ठाऊक नव्हते, हेही तितकेच खरे. या चित्रांतील सहजपणा आणि त्यांमागील फसवणूक ही एकाच कृतीची दोन अंगे आहेत. एक स्वीकारून दुसरे नाकारता येत नाही.

स्टॉर्मर १९०३ साली विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. पुढे ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास हे त्यांचे जीवनकार्य ठरले. दूरदूरच्या दोन ठिकाणांहून, दूरध्वनीने संधान राखून, एकाच क्षणी त्या प्रकाशाची छायाचित्रे घ्यावयाची आणि पार्श्वभूमीवरील ताऱ्यांच्या आधारे त्याची उंची काढावयाची, ही पद्धत त्यांनी दीर्घकाळ राबविली. निसटता क्षण पकडण्याची ती जुनीच हौस आता शास्त्राच्या सेवेस लागली.

तारुण्यातील छंदाची हकीकत त्यांनी १९४२ साली सांगितली, तेव्हा नॉर्वे जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. अर्धशतकापूर्वी त्याच रस्त्यावर अभिवादन करताना कोणाला कोणाचा संशय येत नसे. चित्रांतील माणसांनी त्यासाठी संमती दिली नव्हती. पण एका शहरात परस्परांवरील विश्वास किती सहज होता, याचा पुरावा त्यांच्याच चेहऱ्यांवर राहिला.