‘कौमार्याची लक्षणे’ : एमबीबीएसच्या एका धड्याचा इतिहास

“मुलगी कुमारी आहे की नाही, हे तपासून सांगता येतं का?” हा प्रश्न डॉक्टरांना आजही विचारला जातो. उत्तर सोपे आहे : नाही, सांगता येत नाही. पण हे उत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमात यायला फार वर्षे लागली.

आमच्या पिढीला एमबीबीएसच्या दुसऱ्या टप्प्यात न्यायवैद्यकशास्त्र, म्हणजे फॉरेन्सिक मेडिसिन, असे. त्याच्या पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणे’ दिलेली असत. ‘खरी कुमारी’ आणि ‘खोटी कुमारी’ यांच्यातील फरकाचा तक्ताही असे. पुरुषांसाठी असा तक्ता नव्हता.

या लक्षणांचा मुख्य आधार होता योनिपटल. त्याचा आकार, जाडी आणि लवचीकता प्रत्येक स्त्रीमध्ये वेगळी असते. संबंधानंतरही ते अखंड राहू शकते आणि संबंधाशिवायही त्यात बदल होऊ शकतो. त्यामुळे त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

हा धडा परीक्षेपुरता राहत नव्हता, हे अधिक गंभीर. तोच विद्यार्थी पुढे सरकारी रुग्णालयात बलात्कारपीडित स्त्रीची तपासणी करी. दोन बोटांची चाचणी करून ‘हिला संबंधांची सवय आहे’ असे अहवालात लिहिले जाई आणि त्या ओळीवरून न्यायालयात तिच्या चारित्र्यावर प्रश्न विचारले जात.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते, असे म्हटले. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनीही ती करू नये असे सांगितले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह कौमार्य चाचणी बंद करण्याचे आवाहन केले. तरी पुस्तकात धडा होताच.

तो काढण्यासाठी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील प्राध्यापक डॉ. इंद्रजीत खांडेकर यांनी पाठपुरावा केला. या लक्षणांना शास्त्रीय आधार नाही, असे त्यांनी अहवालात मांडले. २०१९ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा भाग अभ्यासक्रमातून वगळला.

२०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने पुढचे पाऊल टाकले. ही चाचणी अशास्त्रीय, अमानुष आणि भेदभावाची आहे, हेच विद्यार्थ्यांना शिकवायचे ठरले. न्यायालयाने अशी तपासणी सांगितली तर तिची अशास्त्रीयता न्यायालयाला कशी समजावून द्यावी, हेही त्यात आले. माझ्या मते नुसते वगळण्यापेक्षा हे महत्त्वाचे होते, कारण धडा गाळला तरी समज तशीच राहते.

ते लवकरच दिसलेही. ऑगस्ट २०२४ च्या नव्या अभ्यासक्रमात योनिपटलाचे ‘महत्त्व’ आणि कौमार्याची व्याख्या परत आली! टीका झाल्यावर आयोगाने ५ सप्टेंबरला तो मागे घेतला.

आज प्रॅक्टिस करणाऱ्या असंख्य डॉक्टरांनी जुनाच धडा शिकलेला आहे. म्हणून वाचकांनीही हे लक्षात ठेवावे : लग्नाआधी कोणी कौमार्याचा दाखला मागितला तर तसा दाखला वैद्यकशास्त्रात नाही. अत्याचारानंतरच्या तपासणीत उपचार, जखमांची नोंद आणि पुराव्याचे नमुने यांना महत्त्व आहे. तपासणीपूर्वी तिची संमती घेणे आवश्यक आहे आणि नकार देण्याचा तिला हक्क आहे. तिने नकार दिला, तरी उपचार नाकारता येत नाहीत.