डोलकाठीवरची तार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

सुट्टीच्या दिवशी हौसेची बोट घेऊन समुद्रात निघावं, एफएम केंद्र लावावं, आणि किनारा जरा मागे पडतो न पडतो तोच गाण्यात खरखर सुरू व्हावी, हा अनुभव नौकाविहार करणाऱ्या अनेकांना येतो. गंमत अशी, की तसाच संच मोटारीत छान वाजत असतो. मग माणूस संचाला दोष देतो, नवा महागडा संच आणतो, आणि खरखर काही जात नाही. बहुतेक वेळा दोष संचाचा नसतोच. तो कुठे असतो, हे कळायला थोडं इतिहासात डोकवावं लागतं.

गोष्ट ऑगस्ट १८९८ ची. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या ऑस्बोर्न हाउसमध्ये राणी व्हिक्टोरिया मुक्कामाला होती. युवराज एडवर्डच्या गुडघ्याला दुखापत झाली होती आणि तो जवळच, काउजच्या किनाऱ्यापाशी, ‘ऑस्बोर्न’ याच नावाच्या शाही नौकेवर विश्रांती घेत होता. आईला मुलाची खुशाली हवी होती. हे काम आलं चोवीस वर्षांच्या मार्कोनीकडे. त्याने नौकेच्या डोलकाठीवर उंच तार चढवली, तशीच एक जमिनीवर उभारली, आणि सोळा दिवसांत सुमारे दीडशे निरोपांची देवाणघेवाण झाली. तेव्हा आवाज नव्हता, नुसती कट्ट-कडकट्ट होती. पण बोटीवरच्या रेडिओचा पहिला धडा तिथेच मिळाला: यंत्र खाली ठेवा, तार मात्र वर चढवा.

यानंतर पस्तीस वर्षांनी एफएम आलं. अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग या अभियंत्याला रेडिओतल्या खरखरीचा वीट आला होता. लहरीची ताकद कमीजास्त करण्याऐवजी तिची कंपनसंख्याच कमीजास्त केली तर खरखर टाळता येईल, हे त्याने दाखवलं. १९३३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवरून केलेलं प्रक्षेपण शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या समुद्रकाठच्या गावी स्वच्छ ऐकू आलं. इथेही खुबी होती ती उंचीची.

पुढचं मात्र दुःखद आहे. १९४५ मध्ये अमेरिकी सरकारी आयोगाने एफएमचा पट्टा हलवून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला, आणि आधी विकले गेलेले संच निकामी ठरले. पेटंटच्या कोर्टकज्ज्यांनी आर्मस्ट्राँग खचला आणि जानेवारी १९५४ च्या अखेरीस त्याने आयुष्य संपवलं. त्याची पत्नी मॅरियन हिने हे खटले नेटाने लढवले आणि जिंकले. आपल्याकडे १९७७ मध्ये मद्रासला एफएम सुरू झालं.

आता बोटीकडे येऊ. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशा वळत नाहीत. पाण्यापासून १ मीटर उंचीवरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज जेमतेम ४ किलोमीटर असतं. तोच अँटेना ९ मीटरवर नेला तर ते १२ किलोमीटर होतं. केंद्राच्या मनोऱ्याचं क्षितिज त्यात वेगळं मिळवायचं. एफएमची आणखी एक खोड आहे. लहर पुरेशी असेल तोवर आवाज निर्मळ येतो, ती ठरावीक मर्यादेखाली गेली की एकदम सगळं बिघडतं. म्हणून गाणं हळूहळू क्षीण होत नाही, तुटतं.

दुसरं कारण बोटीच्या अंगातच आहे. मोटारीचा छोटा अँटेना काम करतो तो गाडीच्या पत्र्याच्या भरवशावर. हा पत्रा म्हणजे अँटेनाचा दुसरा, न दिसणारा अर्धा भाग. महायुद्धानंतर हौसेच्या बोटी फायबरग्लासच्या होऊ लागल्या. तिथे पत्राच नाही, त्यामुळे मोटारीचा अँटेना तिथे अर्धाच उरतो.

तेव्हा खर्च करण्याआधी एक स्वस्त प्रयोग करावा. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. तेवढ्या तारेचे दोन तुकडे घ्यावेत. एक अँटेनाच्या केबलच्या मधल्या तारेला आणि दुसरा बाहेरच्या जाळीला जोडून, एक वर, एक खाली असे उभे टांगावेत. आवाज सुधारला तर संच निर्दोष आहे. मग पत्र्यावर अवलंबून नसलेला, बोटीसाठीचा अँटेना घेऊन तो जमेल तितका उंच बसवावा.

डोलकाठीच्या टोकावर संकटकाळच्या व्हीएचएफ दूरध्वनीचा अँटेना असेल, तर त्यातूनच फाटा काढण्याचा मोह होतो. साध्या जोडणीने तसं कधीही करू नये. त्या यंत्राची २५ वॅटची शक्ती गाण्याच्या संचात शिरली तर तो जळेल, शिवाय संकटातला निरोप दुबळा होईल. यासाठी मुद्दाम बनवलेला विभाजकच वापरावा.

एवढं करूनही खरखर राहिली, तर खाऱ्या हवेने हिरवे पडलेले जोड तपासावेत. मग बोटीवरची विजेची उपकरणं एकेक करून बंद करावीत. २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने इशारा दिला होता, की बोटीवरचे काही एलईडी दिवे व्हीएचएफ संदेशांतही अडथळा आणतात. दिवा मालवताच गाणं स्वच्छ झालं, तर चोर सापडला. आणि तो नुसतं गाणंच नव्हे, उद्या मदतीची हाकही गिळू शकतो. म्हणून गाण्यातली खरखर ही किरकोळ कटकट समजून सोडून देऊ नये. बंदर सोडण्यापूर्वीच तिचं कारण शोधावं.