एकटी लाट

ठाकुर्लीहून कल्याणच्या खाडीवर गेलो, की होडीमागची लाट काठाला लागेतो विरून जाताना दिसते. लाटेचा धर्मच तो! पण १८३४ साली एडिंबरोजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक नाव एकाएकी थांबली आणि तिच्यापुढला पाण्याचा उंचवटा तसाच पुढे निघाला. अभियंता जॉन स्कॉट रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या पाठीस लागला. उंचवट्याचा आकार बदलेना. एअरीसारख्या गणित्याला हे पटले नाही. रसेलने मात्र हेका सोडला नाही.

१९७३ साली हासेगावा व टॅपर्ट यांनी काचतंतूतील प्रकाशाबद्दल असेच भाकीत केले. तंतूतून जाताना प्रकाशाचा ठोका पसरू पाहतो; पण तो पुरेसा प्रखर असला, तर काचेचा अपवर्तनांक किंचित वाढवून स्वतःलाच आवरून धरतो. १९८० साली बेल प्रयोगशाळेत मोलेनॉर व सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष दाखविले. रसेलच्या निधनाला तेव्हा ९८ वर्षे झाली होती.